रुसायची जागा

नणंद-भावजयीचं एका घरात पटत नाही म्हणतात. या दोघींचं एका टेबलावर पटलं होतं. धाकटी नणंद आर्किटेक्ट, नकाशे तिचे. थोरली वहिनी पुठ्ठ्याची मॉडेलं करायची. आतले रंग, पडदे, कपाटं सगळं तिच्या डोक्यातलं. धाकटीनं रेघ ओढावी, वहिनीनं तिची भिंत करून उभी करावी, असा त्या इवल्याशा स्टुडिओचा संसार बरीच वर्षं चालला होता.

त्यांच्या कामाची एक रीत होती. नकाशा पक्का करण्याआधी त्या मोकळ्या जागेवर चिकटपट्टीनं खऱ्या मापाचं घर आखायच्या आणि गिऱ्हाइकाला त्यात दुपारभर वावरायला लावायच्या. इथं चहा करा, इथं जरा आडवे व्हा. शेवटी धाकटी हमखास विचारायची, "भांडण झालं की कुठं जाऊन बसणार?" नवरा-बायको एकमेकांकडे बघून हसायचे आणि मग अगदी खरं उत्तर द्यायचे. त्या उत्तरातून कुणाला गच्चीचा जिना मिळाला, कुणाला स्वयंपाकघरामागं बाकापुरती जागा.

आता स्टुडिओलाच नवी जागा मिळाली होती. लांबट रिकामी खोली, टोकाला उत्तरेची रुंद खिडकी. त्याच सुमारास वहिनीला एका बड्या ऑफिसातून नोकरीचं बोलावणं आलं. तिनं ते लपवलं नाही. "सोमवारी सांगते म्हटलंय त्यांना," एवढंच भाजी निवडता निवडता बोलावं तसं बोलली. धाकटीला बोलण्यापेक्षा रेघ बरी जमायची. तिनं नकाशा काढला. खिडकीपासून दारापर्यंत एकच टेबल, समोरासमोर दोन खुर्च्या, मध्ये आडपडदा म्हणून काही नाही. 'जाऊ नकोस' हे तिनं त्या एका टेबलात घातलं होतं.

रविवारी फरशीवर पांढरी पट्टी चिकटवून तिनं वहिनीला आत बोलावलं.

वहिनी रेघेभोवती फिरली. टेकली, उठली, पुन्हा फिरली.

"कसं आहे?"

"मोकळं आहे. माळासारखं."

"मग?"

"माळावर लपायला झाड नसतं." वहिनीनं कमरेवर हात ठेवले. "वन्सं, तुमचा तो प्रश्न राहिला."

वन्सं, आणि वर तुमचा. म्हणजे पारा चढला होता.

"आपण कुठं भांडतो?"

"आपण नाही भांडत. मी भांडते, मनातल्या मनात. मग जिन्यात जाऊन बसते."

"तू तर फोनवर बोलायला जातेस."

"फोन कानाला असतो. पलीकडे कुणी नसतं." वहिनी हसली नाही. "साऱ्या जगाला विचारतेस, कुठं रुसाल. घरच्या माणसाला रुसवा नसतो होय?"

वहिनीनं मॉडेलात चिकटवलेली भिंत आपण डिंक वाळायच्या आत उपटून पलीकडे लावतो, तेही बोलता बोलता, हे धाकटीला आठवलं. विचारलं कधीच नव्हतं. आपल्याच माणसाला काय विचारायचं? दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

पट्टीचं रीळ तिच्या हातात होतं. तिनं ते पुढं केलं.

वहिनी गुडघ्यांवर बसली आणि रेघ ओढत निघाली. रेघ टेबलाला मधोमध कापून गेली, वळली, आणि अख्खी खिडकी पोटात घेऊन थांबली.

"खिडकी?" धाकटीचा आवाज बारीक झाला. त्या उजेडासाठीच तिनं ही जागा पसंत केली होती.

"मला रंग बघायचे असतात. तुझ्या रेघा काळ्या. त्या ट्यूबखालीही काळ्याच दिसतील."

धाकटीनं खिडकीकडे एकदा बघून घेतलं. मग गिऱ्हाइकाला विचारायच्या आवाजात म्हणाली, "दार आत उघडायचं की बाहेर?"

"आत. कडी आतून. आणि ठोठावल्याशिवाय यायचं नाही, नकाशाला आग लागली तरी."

"बरं."

धाकटी टेबलाची पट्टी उपटू लागली. ती चांगलीच चिकटली होती. नखानं टोक उचलावं लागत होतं. थोड्या वेळानं मान वर न करता तिनं विचारलं, "आणि त्या बड्या ऑफिसला?"

"नाही म्हणून कळवते." वहिनी आपल्या भिंतीआड मांडी घालून बसली, खिडकीकडे तोंड करून. "पण आत्ता नाही. आत्ता मी रुसलेय."

धाकटी पट्टी सोलत राहिली. रेघेच्या अलीकडूनच.