हळदीकुंकवाची शिकवणी

कोपऱ्यावरच्या दिव्याखाली सुशीला थांबली. पिशवीतून चिमुकली डबी काढली, बोट ओलं केलं आणि कपाळावर हळदीचं एक, कुंकवाचं एक अशी दोन ठसठशीत बोटं ओढून घेतली. थोडं कुंकू मुद्दाम नाकावर सांडू दिलं. दुसऱ्या बाईनं घाईत लावल्यासारखं दिसायला हवं ना! मग बोटांवरचा खडू लुगड्याच्या आतल्या बाजूला पुसला, पदर सारखा केला आणि चेहरा शक्य तितका भोळा करून ती घराकडे वळली.

संक्रांत ते रथसप्तमी म्हणजे भिलाईच्या स्टील प्लांटच्या वसाहतीतल्या मराठी बायकांची नुसती धांदल. आज या क्वार्टरमध्ये हळदीकुंकू, उद्या त्या. संध्याकाळी सून बाहेर पडली तर ती कुठे निघाली हे कुणी विचारत नाही. सुशीलानं नेमका हाच मोका साधला होता. रोज ती दोन रस्ते ओलांडून मोठ्या ग्रेडच्या क्वार्टरांमध्ये जाई, कमलिनी पांढरीपांडे यांच्या व्हरांड्यात बसे आणि कॅल्क्युलस शिके.

कमलिनीताई प्लांटमधल्या एका साहेबाची बायको. लग्नाआधी नागपूरला कॉलेजात गणित शिकवायच्या. महाराष्ट्र मंडळाच्या हळदीकुंकवाला सुशीलानं त्यांना भीत भीत गाठलं होतं आणि बाईंनी तिळगूळ तोंडात असतानाच सांगून टाकलं होतं, "उद्यापासून ये."

या चोरीमागे कारण होतं. लग्नात भंडाऱ्याला सुटलेलं कॉलेज सुशीलानं दोन लेकरं झाल्यावर प्रायव्हेट बसून पुन्हा धरलं. बी.कॉम.चे सगळे पेपर निघाले. अडला तो गणिताचा. तिथं मागच्या साली ती धाडकन आपटली. आपटली ती आपटली, पण सासूनं, भागीरथाबाईंनी, निकालाच्या आधीच अख्ख्या ब्लॉकमध्ये पेढे वाटले होते! "माही सून बी.कॉम. झाली" म्हणून. निकाल लागला आणि बाईंचं नाकच कापलं गेलं. नळावरच्या बायका पेढ्यांची आठवण काढून हसायच्या. भागीरथाबाईंनी सुनेची पुस्तकं पेटीत घातली, कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली.

"बस झाला तमाशा. आता लेकरं पाहाय."

नवरा शेषराव रोलिंग मिलमध्ये. माणूस चांगला, पण आईपुढे तोंड उघडायची त्याची टाप नव्हती. यंदाचा परीक्षेचा फॉर्म सुशीलानं भावाकडून गुपचूप भरून घेतला. या खेपेला निघाला तर निघाला. नाही तर नापासाचा शिक्का कायमचा, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

भागीरथाबाईंना या चोरीचा पत्ता लागणंही शक्य नव्हतं. त्या विधवा. हळदीकुंकवाच्या घरी त्यांना ना कुणी बोलवायचं, ना त्या जायच्या. कोण आलं, कोण नाही, हे त्यांना कळणार कुठून? सुशीलाला स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटे आणि त्याच क्षणी मनातून लाजही वाटे.

ती घरात शिरली तेव्हा सासू पोपटीच्या शेंगा सोलत बसली होती. मान वर न करता तिनं विचारलं,

"झालं का हळदीकुंकू?"

"झालं."

"आज कोणाच्या इथं होतं?"

"कमलिनीताईंच्या शेजारी. गर्दी होती खूप."

"बरं." भागीरथाबाईंनी एक शेंग मोडली. "रोज जाते तू. वान कुठी हाये?"

हळद आठवली, कुंकू आठवलं, नाकावर सांडायचंही आठवलं, आणि वाण? संक्रांतीचं हळदीकुंकू आणि वाणाशिवाय! कंगवा नाही, वाटी नाही, गाळणी नाही. इतक्या दिवसांत घरात एक चमचासुद्धा आला नव्हता. अगं बावळटे, तिनं मनात कपाळ बडवून घेतलं, बाजारातून चार वाट्या आणल्या असत्यास तर!

"त्यांचं... वाण संपलं होतं."

"साऱ्यायच्याच घरचं संपलं?"

सुशीला पिशवी घेऊन आत पळाली. सासू पुन्हा शेंगा मोडू लागली, आणि सुशीलाला त्याचीच जास्त भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी जाऊ नये असं तिला दहादा वाटलं. पण गेली. परीक्षा काही तिच्या भीतीसाठी थांबणार नव्हती. कमलिनीताईंनी व्हरांड्याच्या हिरव्या दारावर खडूनं गणित लिहून ठेवलं होतं. कारखान्याच्या नफ्याचं समीकरण. किती माल काढला तर नफा सगळ्यात जास्त होईल ते शोधा. सुशीला ते पाहूनच दोन पावलं मागे सरली. मागच्या साली असंच गणित आलं होतं.

"घाबरायचं काय त्यात?" कमलिनीताई म्हणाल्या. "तुझी चूक कुठं होते ते काल कळलंय मला. तू बदलाचा वेग काढतेस बरोबर. तो शून्य धरतेस, तेही बरोबर. उत्तर आलं की मात्र पेन ठेवून मोकळी होतेस."

"शून्यावरच असते ना जास्तीत जास्त?"

"नवऱ्याच्या सायकलवर पॉवर हाऊस स्टेशनच्या अंडरब्रिजखालून जातेस ना? तळाशी पोचलीस की घडीभर रस्ता सपाट लागतो. आणि वरून जाणाऱ्या पुलावर चढलीस तर, माथ्यावर?"

"तिथंबी सपाटच."

"मग सपाट लागलं म्हणजे माथाच आला असं कसं म्हणशील? चढून आलीस की उतरून आलीस, ते बघायला नको?"

सुशीला दाराकडे बघत राहिली. मागच्या साली आपण तळाशी उभ्या राहून माथ्यावर पोचलो म्हणून सांगितलं होतं तर! तिला हसू आलं आणि रडूही आलं.

तेवढ्यात फाटकाची कडी वाजली.

फाटकाबाहेर भागीरथाबाई उभ्या होत्या, सुनेच्या मागोमाग आलेल्या. डोक्यावरून पदर, पायांत शेषरावच्या जुन्या चपला. सुशीलाच्या हातातला खडू खाली पडला.

"बाई," त्यांनी बाहेरूनच हाक दिली, "मी आत नाही येत जी. हळदीकुंकवाचं घर हाये. माह्या सुनेले तेवढं बाहेर पाठवा."

कमलिनीताईंनी सुशीलाकडे पाहिलं. मग बाई स्वतः उठल्या, जाऊन फाटक पूर्ण उघडलं.

"या मावशी, आत या. इथं हळदीकुंकू नाहीच. इथं तुमची सून गणित शिकते."

भागीरथाबाईंनी एकदा सुनेकडे पाहिलं, एकदा त्या हिरव्या दाराकडे. चेहऱ्यावर काही दिसेना. आता इथंच चारचौघांत पाणउतारा होणार, सुशीलानं मान खाली घातली. पण त्या आल्या. चपला बाहेर काढल्या, वेताच्या खुर्चीच्या अगदी कडेवर टेकल्या आणि हात मांडीवर ठेवले.

"करू द्या तिले," त्या म्हणाल्या. "पाहतो मी."

सुशीलानं खडू उचलला. पहिली ओळ वाकडी आली, ती पुसली. पुन्हा लिहिली. पाठीवर सासूची नजर जाणवत होती. बदलाचा वेग काढला, शून्य धरला, अवयव पाडले. दोन उत्तरं आली: एक आणि पाच.

इथंच. मागच्या साली इथंच तिनं पहिलं आलेलं उत्तर लिहून पेपर बंद केला होता. तिचा हात थबकला. लांब प्लांटच्या बाजूला भट्टीतला तापलेला मळ, स्लॅग, ओतला असावा, आभाळ लाल झालं आणि हिरव्या दारावरची अक्षरं एकदम स्पष्ट दिसली.

तिनं पुन्हा लिहायला घेतलं. बदलाच्या वेगाचाही बदल काढला. त्यात एक घालून पाहिला: अधिक बारा. म्हणजे हा तळ! इथं नफा नव्हे, घाटा. पाच घालून पाहिला: उणे बारा. माथा! तिनं पाचाभोवती असा करकचून चौकोन काढला की खडूच मोडला.

"शाब्बास!" कमलिनीताईंनी टाळीच वाजवली. "अगं शाब्बास! मी एक शब्दसुद्धा सांगितला नाही."

सुशीलाचा ऊर भरून आला. इतकी वर्षं पुस्तकातलं पाठ केलं होतं तिनं, पण स्वतः शोधून काढलेलं हे पहिलंच. तिला व्हरांड्यात गोल फिरावंसं वाटलं.

"बरोबर हाये का जी ते?" भागीरथाबाईंनी विचारलं.

"शंभर टक्के."

"अन् याच्यातच नापास झाली होती हे?"

"यातच."

भागीरथाबाई खुर्चीतून उठल्या. "म्या आताच पाह्यलं, भराभरा करून राह्यली पोरगी. मंग त्या कापी तपासणाऱ्याचे डोये फुटले होते का?"

"नाही आई," सुशीला हसत, डोळे पुसत म्हणाली, "तेव्हा मीच चुकली होती. आता नाही चुकत."

भागीरथाबाईंनी दारावरचा तो पाच जवळ जाऊन पाहिला. वाचता येत नव्हतं त्यांना, तरी पाहिला.

घरी पोचल्या तेव्हा शेषराव नाइट शिफ्टचा डबा शोधत होता.

"माय, कुठी गेल्या होत्या दोघी?"

"हळदीकुंकवाले," भागीरथाबाई म्हणाल्या.

शेषरावच्या हातातलं झाकण तसंच राहिलं. "तू? हळदीकुंकवाले?"

"कावून? मले नाही बलावू शकत कोनी?"

आणि त्यांनी कमरेची किल्ली काढून सुनेच्या हातात दिली. "पेटी उघड. रातच्या पोया मी करतो. अन् तू रे, इले आवाज देऊ नको. पेपर हाये तिचा."

रथसप्तमी झाली, हळदीकुंकवं संपली, वाणांच्या वाट्या घरोघरी फडताळात गेल्या. सुशीलाची शिकवणी चालूच राहिली, आता कपाळावर खोटी बोटं न ओढता, राजरोस. मार्चमध्ये पेपर झाला.

निकाल आला तेव्हा सुशीला अंगणात कुरडया घालत होती. हात कोपरापर्यंत चिकानं बरबटलेले. फर्स्ट शिफ्ट करून शेषराव सायकलची घंटी वाजवतच आला, सायकल भिंतीवर टाकली आणि निकाल छापलेला पेपर उंच धरून ओरडला, "निघाली! माय, तुही सून निघाली! बी.कॉम.!" ब्लॉकमधल्या बायका बाहेर आल्या. सुशीला तशीच चिकाच्या हातांनी उभी राहिली आणि मोठ्यानं, अगदी लहान पोरीसारखी हसायला लागली.

यंदा भागीरथाबाईंनी पेढ्यांचं नाव काढलं नाही. नळावरच्या बायकांकडे नुसतं एकदा पाहिलं. मग सुनेला मनगटाला धरलं आणि भर उन्हात दोन रस्ते ओढत नेलं.

कमलिनीताईंनी दार उघडलं. सुशीलाचा चेहरा पाहूनच त्यांना कळलं. त्यांनी तिला मिठी मारली, त्यांच्या कोऱ्या पातळाला चिकाचे पट्टे लागले तरी सोडलं नाही.

भागीरथाबाई खाकरल्या.

"बाई, याच्यापुढं का असते जी?"

"पुढं? पुढं एम.कॉम. असतं, मावशी. दोन वर्षांचं. गणित तिथंही आहे, याहून अवघड."

"नको आई," सुशीला घाईनं म्हणाली, "आता पुरे. लेकरं हायेत, घर हाये..."

"तू गप राहाय." भागीरथाबाईंनी पदर सारखा केला आणि कमलिनीताईंकडे वळल्या.

"मंग उद्यापासून किती वाजता पाठवू इले?"