चौदाव्या मजल्याचं अनुमोदन

"बस खाली, अर्नेस्टीन! पुढारी व्हायचंय का तुला?" शेजारी बसलेल्या लुसीलनं तिचा स्कर्ट खाली ओढला.

"अजून उठलेय कुठं मी?"

"गुडघे उठलेत तुझे. दिसतायत मला."

अटलांटिक सिटी, १९८१. कॅसिनो-हॉटेलांच्या कामगारांच्या युनियनची निवडणूक सभा. रविवारची भर दुपार.

इतिवृत्त: *अध्यक्षपदासाठी विद्यमान अध्यक्ष श्री. डेलासांद्रो यांचेच नाव. टाळ्या.*

इतिवृत्तात नाही: दारापाशी उभे असलेले दोघं. ते ना वेटर, ना आचारी. डेलासांद्रोच्या प्रत्येक निवडणुकीला ते तिथंच असत. त्यांचा धंदा सगळ्यांना ठाऊक होता. त्या धंद्याचं नाव कुणी काढत नसे.

इतिवृत्त: *श्री. पिंकनी, भटारखाना, यांचेही नाव.*

टाळ्या नाहीत. पिंकनीची मागणी साधी होती: खोल्या आवरायला प्रत्येक मजल्यावर दोन बायका द्या, एकटीला ठेवू नका.

"अनुमोदन?" डेलासांद्रो हसला. "रीत माहितीये ना मंडळी? उभं राहायचं. नाव, हॉटेल, मजला, पाळी. जरा मोठ्यानं."

अनुमोदन नाही, तर नाव बाद. दारातल्या एकानं वही काढली. गेल्या खेपेला बेल नावाचा बारवाला असाच अनुमोदनाला उभा राहिला होता. आठवड्यानं तो मळक्या चादरींच्या गाडीत सापडला. जिवंत. दहाही बोटं मोडलेली.

कुणीतरी खोकलं. पिंकनी मान खाली घालून बसला होता.

"नाही ना कुणी? मग..."

"अर्नेस्टीन मेबरी." आवाज आपलाच आहे हे तिला जरा उशिरा कळलं. "हॉटेल सी-क्राउन."

लुसीलनं डोळे मिटून घेतले.

"मजला, हनी?" डेलासांद्रोनं लाडानं विचारलं.

"चौदावा. सकाळची पाळी."

"आणि सोबत कोण असतं तिथं?" हे दारातून आलं.

"कुणी नसतं. तेच तर मागतोय आम्ही."

मागच्या रांगेत कुणीतरी फस्सकन हसलं आणि लगेच गप्प झालं.

इतिवृत्त: *अनुमोदन, श्रीमती मेबरी.*

सोमवार. सकाळचे आठ. चौदावा मजला. खोली आवरताना दार सताड उघडं ठेवायचं, असा हॉटेलचा नियम. लांबच्या लांब मोकळ्या बोळाच्या टोकाला लिफ्टची घंटी वाजली.

अर्नेस्टीन पलंगाला वळसा घालून पलीकडे गेली. एकोणीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच तिनं दाराकडे तोंड करून चादर झटकली, आणि कोपरे घट्ट दुमडायला घेतले.