सशाला सोबत

केरसुणीच्या काड्यांत अडकलेला पुंजका गोदावरीनं दोन बोटांनी ओढला, पण तो सुटेना. कापूस असा चिकटत नाही. कापूस उडतो, समुद्रापलीकडे कुठेशी लढाई लागल्यापासून अमरावतीत तो चुलीवरच्या दुधातसुद्धा उडून पडत होता... हा मात्र मऊ, किंचित तेलकट, बोटांना बिलगणारा. म्हणजे रोज सकाळी ओसरीवरच्या रुईच्या ढिगातला म्हणून आपण जो झाडून टाकत होतो—

तिनं खुराडं उघडलं. सशाच्या पोटावरचे केस उपटलेले, खालची कातडी गुलाबी. कोपऱ्यात त्याच केसांचं नि गवताचं घरटं, मधे दाबून केलेला खळगा. रिकामा. चारूच्या खोकल्यातला फरक झोपेतही ओळखणाऱ्या तिला हे दिसलं नव्हतं.

"आता दुसरं नको, बाई," मैनाबाई सुईण म्हणाली होती, सहा वर्षांपूर्वी, चारूच्या वेळचं भिजलेलं लुगडं गुंडाळताना. "वाचल्या, नशीब समजा. दुसऱ्या खेपेले मी हात लावणार नाई." आणि आपण हसलो होतो. कुशीत चारू होती, सुइणी असं बोलतातच... यंदा माघात गोदावरी तीन दिवस बाहेर बसली होती, वेगळं ताट, वेगळं कांबळं, सगळं रीतसर आणि सगळं खोटं. सासूबाईंना कळू नये, निदान इतक्यात तरी. फाल्गुनातही तसंच बसावं लागणार होतं.

सासूबाईंचे गुडघे चोळायला मैनाबाई आली, तेव्हा चारू खुराड्याशी पालथी पडून सशाच्या कानात काही सांगत होती. दिवसभर सांगायची. दुसरं होतं कोण?

मैनाबाईनं ससा उचलून पोट चाचपलं. "खाली हाय, आजी. काईच नाई पोटात. मादी एकटी राह्यली का करते असं येडं."

"बघ, गोदा!" सासूबाई म्हणाल्या. "मुकं जनावर, तेसुद्धा आस लावून बसलंय. माझा मोरू अकोल्याहून नर आणतोय, तर तुझं आपलं नको नको. एकट्याला ठेवणं पाप गं." त्यांची नजर सशावरून चारूवर गेली, तिथंच राहिली. "माणसाचंही तेच."

"आना की नर," मैनाबाई तेलाची वाटी ओढत हसली. "मंग दर महिन्याले वेत. तिले कोन इचारते?"

"तुझी जीभ म्हणजे, मैने—"

"आई, तो आला की हिला बोलायला कुणीतरी होईल ना?" चारूनं विचारलं.

"हो," गोदावरी म्हणाली.

हो. खोटं कुठे होतं ते? संध्याकाळी अंधारत आलं की ससा खुराड्याच्या काड्यांना नाक लावून बसायचा, आणि काड्यांच्या अलीकडे चारू, तशीच. पण या मुक्या जिवाला पिल्लू हवं होतं, की कुणाला न विचारता अंगानंच घरटं करून टाकलं होतं... सोबत लागते, हे खरंच. ती कुणाच्या अंगातून काढायची, एवढंच कुणी बोलत नव्हतं.

मागच्या अंगणात ती मैनाबाईच्या हातांवर पाणी घालत होती.

"बाई, कितवा?"

"काय कितवा?"

"मले नका शिकवू."

गोदावरीनं तांब्या खाली ठेवला. "दुसरा सरला."

"माघात तर बाहेर बसल्या व्हत्या, आजीच सांगत व्हत्या..." मैनाबाईनं तिच्याकडे पाहिलं, आणि मग पाहायचं थांबवलं. हात लावीन म्हणाली नाही, लावणार नाही असंही नाही. पदराला हात पुसत राहिली, कोरडे झाले तरी.

गंमत अशी की भीती तिथंच संपली. मरणाची जी होती ती; उरली ती चारूची. पोटातलं उद्या जगलं, तर चारूला सोबत होईल. आणि आपण नसलो तर त्या सोबतीला पाळणा देत चारू बसेल, याच ओसरीवर... सगळे म्हणतील, पोर किती शहाणी. शहाण्या पोरीकडे कुणी बघत नाही. मी तरी सशाकडे कुठे बघितलं?

म्हणून मी, गोदावरी, हे ऐकणाऱ्या तुम्हाला म्हणते. अंजनगावच्या वाटेनं कापसाच्या गाड्यांबरोबर तुमच्यातलं कुणी ना कुणी इकडे येतंच. दिवाळी झाली की एकदा आमच्या दाराशी थांबा. माझी चौकशी नको. आत एक मुलगी असेल, विचारलंत तर जेवले म्हणून सांगेल, जेवली नसली तरी. तेवढ्यावर जाऊ नका. तिला उजेडात बोलवा, आणि नीट बघा.