अंगठ्याच्या भोकातल्या नऊ पट्ट्या

राग माझ्या नाकावरच असतो, हे आमच्याकडे बोलिंग खेळायला येणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. लेनच्या मागच्या खोलीत बसून सव्वीस वर्षं मी बॉलना बोटांच्या मापाची भोकं पाडते, त्यांना घासते, पुसते. कुणी मळका बॉल घेऊन खिडकीशी आला की आधी त्याला सुनावते, मगच बॉल हातात घेते. "अहो, लेनच्या लाकडावर तेल लावलेलं असतं. ते बॉल पितो, आणि पोटभर प्यायला की वळायचं विसरतो. खेळून झाल्यावर लगेच फडक्याने पुसायला काय हात दुखतात?"

आणि माझ्याच घरात, बाहेरच्या खोलीतल्या कपाटावर, आमच्या ह्यांचा निळा बॉल तीन वर्षं न पुसता पडून होता. उकाडा वाढला की त्यातून तेल पाझरायचं आणि खालच्या टॉवेलवर गोल डाग उमटायचा. मी टॉवेल बदलायची. बॉल धुवायची नाही.

कारण होतं अंगठ्याच्या भोकात. आजारपणात हे वाळत गेले तसा अंगठाही बारीक होत गेला, आणि सैल भोकातून बॉल हातातून निसटायला लागला. मग दर थोड्या दिवसांनी मी भोकाच्या आत एक चिकटपट्टी लावून द्यायची, नखाएवढी, अर्धगोल कापून. हे म्हणायचे, "बायको माझ्या मापाची जागा राखून ठेवतेय." अशा नऊ पट्ट्या झाल्या. नववी लावली त्या गुरुवारी हे शेवटचे खेळले. बॉल धुताना आत पाणी गेलं की पट्ट्यांचा गोंद सुटतो, हे मला माझ्या धंद्यामुळे पक्कं माहीत. म्हणून मी हात लावत नव्हते. घरात कुणाला हे सांगितलंही नव्हतं.

एका बुधवारी मी दुपारीच घरी आले. जिन्यातच नेलपॉलिश रिमूव्हरचा वास आला. दार उघडं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर हा निळा बॉल, आणि सूनबाई कापसाचा बोळा बाटलीत बुडवायच्या बेतात.

माझं डोकंच फिरलं.

"थांब. हात लांब घे आधी." मी बाटली हिसकावली. "हे लावलं की बॉलचं वरचं कवच मऊ पडतं, कळतं का तुला? कुणी शिकवलं हे?"

"कुणी नाही, आई. नखांचा रंग जातो, म्हटलं तेलही जाईल."

"मग ओव्हनमध्ये घालून भाजायचा तेवढा राहिला."

"तेही वाचलं होतं," ती खाली बघत म्हणाली. "पण म्हटलं, तडकला तर."

मी बरंच बोलले. त्यातलं निम्मं तिला उगाच होतं, हे आता सांगते. मला भीती बॉलच्या कवचाची नव्हतीच. मी बॉल उलटा केला आणि बघते तर तिन्ही भोकांवर जाड, पाणी न शिरणारी टेप, कडा बोटाने दाबून दाबून बसवलेली.

"ही कशाला लावलीस?"

"आत पट्ट्या दिसल्या. कशाच्या ते नाही कळलं. पण कुणीतरी फार जपून लावल्यासारख्या वाटल्या. म्हटलं, त्यांना काही लागायला नको."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते दिसू नये म्हणून मी बाटलीचं झाकण शोधायला लागले. झाकण माझ्याच मुठीत होतं.

"बॉल धुऊन काय करणार होतीस?" मी विचारलं.

"रविवारी तुम्ही तिघंच खेळता. तुम्ही, तुमचा लेक आणि धाकटे काका. गुणफलकावर चौथ्या, बाबांच्या नावापुढे नुसती रेघ असते. मला शिकायचंय, आई. तो म्हणाला, आईला विचारू नकोस, तिला सहन व्हायचं नाही. पण मळक्या बॉलवरून तुम्ही सगळ्यांना झापता ना, म्हणून म्हटलं आधी धुवावा आणि मग विचारावं."

दुसऱ्याने त्या बॉलने खेळायचं म्हणजे त्याच्या अंगठ्याचं माप. म्हणजे ह्यांच्या पट्ट्या खरवडून काढायच्या. "बादली आण," मी एवढंच म्हटलं.

हाताला सोसेल एवढं कोमट पाणी, त्यात भांडी घासायच्या साबणाचे चार थेंब, त्यात बॉल. वीस मिनिटांत पाण्यावर तेलाची साय धरली. पाणी बदललं, पुन्हा तेच. तिसऱ्या पाण्याला तेल येईना. ह्यांच्या शेवटच्या खेळाचं तेल मोरीतून वाहून गेलं, आणि मला वाटलं होतं तेवढं वाईट नाही वाटलं. मऊ फडक्याने कोरडा केल्यावर बॉल तीन वर्षांपूर्वीसारखा निळा दिसायला लागला.

मी टेप सोलून काढली. आत ठणठणीत कोरडं. नऊच्या नऊ पट्ट्या जागेवर. मी खरवडायची सुरी उचलली, आणि माझा हात काही पुढे जाईना.

लेकाने हिला पहिल्यांदा घरी आणलं, तेव्हा मी तिच्या चेहऱ्याआधी हात पाहिले होते. धंद्याची खोड. लांब बोटं, थेट ह्यांच्याएवढी वीत. पण अंगठा मात्र काडीसारखा.

"घाल बघू अंगठा," मी म्हटलं. "तसाच घाल."

तिने मधली दोन बोटं घातली, अंगठा घातला, बॉल उचलला.

"कसा वाटतोय?"

"अगदी थोडा सैल आहे, आई."

मी सुरी खाली ठेवली आणि कपाटातून चिकटपट्टीचा रोल काढला. तीन वर्षांत त्याला हात लावला नव्हता. नखाएवढा अर्धगोल कापला आणि नवव्या पट्टीवर दहावी बसवली, बोटाने दाबून.

"आता?"

"आता बसला."

"मग ती नखं कापून टाक," मी म्हटलं. "आणि रविवारी उशीर केलास तर खबरदार. तुझे सासरे वेळेचे पक्के होते."