एका बोटाचा ब्रेक

मित्रांनो, मी मोटरसायकलच्या पुढच्या ब्रेकचा एक जुना लिव्हर आहे. हँडलच्या उजव्या बाजूला जी दांडी बोटाने ओढतात, ती मी. माझी गाडी वेगाची नव्हती. ती ट्रायल्सची होती, म्हणजे दगडांवरून, ओढ्यातून, उभ्या उतारावरून सावकाश न्यायची. तिला धड सीट नसते, कारण तिच्यावर कोणी बसतच नाही. उभं राहून चालवायची. पाय जमिनीला लागला की गुण गेला. या खेळात पुढचा ब्रेक एकाच बोटाने धरतात.

मी ओतीव ॲल्युमिनियमचा. दुकानातल्या खोक्यात वीसेक भावंडांबरोबर पडून होतो. एकदा लेथवर काम करणारा एक माणूस आला. तो एकेकाला उचलायचा, डोळे मिटायचा आणि तर्जनीने दाबून बघायचा. अर्धा तास हेच चाललं, तेव्हा दुकानदार म्हणाला, “काका, लिव्हर आहेत ते, आंबे नाहीत.” काका हसले नाहीत. त्यांनी मला निवडलं, घरी नेऊन माझं लांब टोक कापलं, कड कानशीने गोल केली, आणि मी एका बोटापुरता झालो.

माझ्यापासून एक केबल चाकापर्यंत जायची. तिथे ड्रमच्या आत दोन लायनर पसरून चाक धरायचे. ते सगळीकडे सारखे टेकावेत म्हणून काकांनी तीन रविवार घासले. त्यांची बायको म्हणायची, एवढं लक्ष स्वयंपाकघरातल्या नळाकडे दिलं असतं तर बरं झालं असतं. नळ गळतच राहिला.

पुढची बरीच वर्षं चांगली गेली. गावाबाहेर दगडाची एक बंद पडलेली खाण होती. दर रविवारी आम्ही तिथे जायचो. काकांची मुलगी तेव्हा लहान होती. ती एका दगडावर बसून बाबांचा पाय किती वेळा टेकला ते मोजायची आणि एकाही पायाची सूट द्यायची नाही. इतर लोक मला दाबून बघायचे, कौतुकाने मान डोलवायचे. मला तेव्हा वाटायचं, हे असंच चालणार.

मग काकांच्या उजव्या हातातला जोर जाऊ लागला. डॉक्टर म्हणाले, नसांचा आजार आहे, वाढत जाईल. काका घरी म्हणाले, थंडीमुळे होतं तसं. पण ते रोज सकाळी घराला लागून असलेल्या त्यांच्या वर्कशॉपसमोरच्या उतारावर गाडी खालच्या तोंडाने उभी करू लागले. फक्त तर्जनीने मला धरायचं आणि बोट थकून गाडी सरकेपर्यंत मोजायचं. पहिल्या दिवशी चाळीस. महिन्याभराने एकतीस. मग बावीस. आकडा ते कुणाला सांगत नसत, पण मुलगी खिडकीतून ओठ हलताना बघायची. आता ती मोठी झाली होती आणि बाबांकडूनच सगळं काम शिकली होती.

खाणीतल्या सगळ्यांच्या गाड्यांना एव्हाना डिस्क ब्रेक होते. नुसतं बोट टेकवलं तरी धरणारे. मुलीने विषय काढला.

“बाबा, डिस्क बसवू या. हाताला हलकी पडेल.”

“डिस्क चांगलीच असते,” काका म्हणाले. “पण मग मला कळणार कसं?”

तिला समजलं. ब्रेक बदलला असता तर त्यांचं रोजचं मोजमापच गेलं असतं. तिने पुन्हा विचारलं नाही.

ज्या दिवशी आकडा बारावर आला, त्या दिवशी काका जेवले नाहीत. दुपारी ते झोपले असताना मुलीने मला सोडवलं. केबलचं टोक माझ्या ज्या भोकात अडकायचं, त्याच्या अलीकडे, बिजागरीच्या जवळ, तिने दुसरं भोक पाडलं. अंतर अवघं एक सेंटिमीटर. पण त्यामुळे बऱ्याच कमी जोरात ब्रेक लागू लागला. वरून काहीच दिसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी काकांनी तिसापर्यंत मोजलं. ते घरात आले आणि बायकोला म्हणाले, औषध लागू पडतंय. त्या आठवड्यात ते गाणं गुणगुणत होते. मुलगी मान खाली घालून जेवायची. मला बोलता आलं असतं तर, मित्रांनो, मी बोललो असतो.

रविवारी काका खाणीतल्या त्या लांब उतारावर गेले, जो त्यांनी वर्षापूर्वी सोडला होता. मी हलका झालो होतो खरा, पण हलक्या लिव्हरला जास्त अंतर ओढावं लागतं. अर्ध्या उतारावर ड्रम तापून फुगला, लायनरना आणखी पसरावं लागलं, आणि मी ओढला जाऊन जाऊन हँडललाच टेकलो. काकांच्या बोटात जोर उरला होता. मला जायला जागा उरली नव्हती.

गाडी थांबली नाही; काका दगडांवर पडले आणि त्यांच्या खांद्याचं हाड मोडलं. तीन आठवड्यांनी, हात गळ्यात बांधलेला असताना, त्यांनी डाव्या हाताने मला सोडवलं आणि उलटं करून पाहिलं. मुलगी दारात उभी होती.

“भोक सरळ पाडलंयस,” ते म्हणाले. “कडही साफ केलीस.”

ती आत आली.

“मग शेवटचा खरा आकडा कुठला?”

“बारा, बाबा. त्या दिवशी तरी. नंतरचा मला माहीत नाही.”

त्यांनी मान डोलावली. बराच वेळ ते माझ्यावरून अंगठा फिरवत होते. “मला सांगायचं होतंस गं. बाराही चाललं असतं. उतार छोटा निवडला असता मी.”

त्यानंतर ते गाडीवर चढले नाहीत. शेवटच्या महिन्यांत त्यांनी मुलीच्या गाडीसाठी ब्रेक निवडला. स्वतःला दाबता येत नव्हतं, म्हणून तिला डोळे मिटायला लावायचे आणि काय जाणवतं ते विचारायचे. निवडली डिस्कच. म्हणाले, तुला अजून काही मोजायचं नाहीये. थंडी संपायच्या आत ते गेले.

मी वर्कशॉपमधल्या खणात असतो. मुलगी कधीतरी खण उघडते, मला हातात धरते आणि परत ठेवते.

मित्रांनो, आमच्यासारख्या वस्तूंना तेल द्या, गंजू देऊ नका, हे तर मी सांगेनच. पण तुमच्या घरातलं कुणी थकत चाललं असेल आणि त्याचं ओझं हलकं करावंसं वाटलं, तर त्याला सांगून करा. त्याचा आकडा लहान झाला, तरी तो त्याच्याकडून काढून घेऊ नका. त्या आकड्यावरच तो आपला उतार निवडत असतो.