हिरवा ठिपका

"लागला! लागला!" दिवाणखान्यात एकच गलका झाला. टॅबवर, वारलेल्या पोराच्या नावापुढे, हिरवा ठिपका उजळला होता. म्हणजे पोरगा ऑनलाइन! आत्मे बोलावणारे बाबा, चेल्याला शेजारी घेऊन, सोफ्यावर ऐसपैस मांडी घालून बसले होते.

"बाहेरचा कोणी खोड्या काढतोय म्हणाल," बाबा गरजले, "तर पत्ता तपासा! आत्मा ब्रॉडबँडवरून येतो, पण येतो घरातूनच!"

शेजारच्या इंजिनिअरकाकांनी चष्मा सारखा करून पोराचं खातं कुठून उघडलंय ते पान पाहिलं. इंटरनेटचा पत्ता खरंच याच घराचा निघाला. काकांनीच हात जोडल्यावर बाकीच्यांचं काय घेऊन बसलात!

"आईने घर सोडलं की तो वाट विसरेल," असं बाबांनी बजावल्यापासून आई टॅबपुढची खुर्ची सोडत नव्हती. तिचं ऑपरेशन लांबलं होतं, आता उशीर नको म्हणून डॉक्टर कानीकपाळी ओरडत होते. लेकीचा जीव टांगणीला लागला होता.

"काका, तो पत्ता घराचा आहे, माणसाचा नाही," लेक म्हणाली. "आत प्रत्येक फोनला वेगळा नंबर असतो. बाहेर जाताना राउटर तो काढून सगळ्यांना घराचा एकच नंबर लावतो. कोणाचं उत्तर कोणाला द्यायचं, ते तो लक्षात ठेवतो. बाहेरून तुम्ही, मी, हे बाबा, सगळे सारखेच. आणि आईने वायफायचा पासवर्ड तर येईल त्याला चहाबरोबर दिलाय."

तिने राउटरचं पान उघडलं. जोडलेल्या फोनांत एक नाव होतं: 'ताई, हात लावू नकोस'. भावानेच आपल्या फोनला ठेवलेलं. तिला भडभडून आलं. तो फोन तर बाबांनी आत्म्याच्या शांतीसाठी जमिनीत पुरायला नेला होता!

तिने त्याचं कनेक्शन तोडलं. थोड्या वेळाने ठिपका विझला. चेल्याच्या पिशवीतून तिने फोन बाहेर काढला, तसे बाबा सोफ्यावरून उठून दाराकडे सटकले. लोक खाली मान घालून चपला शोधू लागले.

"आई, आता तरी चल दवाखान्यात."

"कळलं गं मला. तो नव्हता." आई विझलेल्या टॅबकडे बघत होती. "पण परत लाव ना. तू लाव. कोण आहे म्हणून मी विचारणार नाही."

बाबाला हाकलायला एक बोट पुरलं. तेव्हा, बाबांनो, असा ठिपका तुमच्या घरी उजळला, तर हात जोडण्याआधी आत कोण बसलंय ते बघा, आणि वेळेत बघा. इथे उशीर झाला होता. लेकीने ठिपका लावला नाही आणि आई खुर्चीवरून उठली नाही.