तवा हसला की एक भाकरी जादा

मित्रांनो, मला एका हातानं उचलायला जाऊ नका, मनगट मुरगळेल! मी एक जुना तवा आहे, अस्सल बिडाचा. कळंब्यात बयाबाईच्या परसातली चूल हे माझं घर.

माझा जन्म शिरोलीच्या एका फौंड्रीतला. बयाबाईचा नवरा केरबा तिथे ओतकाम करायचा. एकदा भट्टीतलं लोखंड थोडं उरलं, तर त्यानं वाळूचा साचा केला आणि बायकोसाठी मला ओतलं. साचा करताना त्याचा अंगठा ओल्या वाळूत रुतला. त्या अंगठ्यावर जुन्या जखमेची आडवी रेघ होती. तीसुद्धा माझ्या पाठीवर उमटली. अजून आहे. हात लावून बघा... पण मी गार असेन तेव्हाच हं!

पुढची अठरा वर्षं काय सांगू! शाळूच्या भाकऱ्या अशा टम्म फुगवल्या की बघत राहावं. आणि मी हसायचोसुद्धा! म्हणजे माझ्या पाठीच्या काजळीत बारीक ठिणग्या लुकलुकायच्या. मी हसलो की बयाबाई लेकीला ओरडायची, "अनुजा, पावणं येनार बघ! एक भाकरी जादा टाकाय पायजे." आणि कुणीतरी यायचंच. केरबा म्हणायचा, "ह्यो तवा न्हाय, एसटीचा कंट्रोलर हाय!"

गेल्या वर्षी केरबा आजारानं गेला.

तेराव्यानंतर चूल पेटली आणि मी हसलो. खरं सांगतो, मी ठरवून हसत नाही. बयाबाईनं सवयीनं जादा भाकरी टाकली, बुट्टीत फडक्यानं झाकून ठेवली. दुपार झाली. कुणीच आलं नाही. अनुजानं फडकं उचललं. भाकरीवर अंगठा उमटला होता. खोल. त्यात आडवी रेघ.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच.

केरबाची बहीण बायडाबाई ते बघून दोन पावलं मागं सरली. "वैनी, ह्यो तवा घरात नगं. भट्टीतनं आलाय, भट्टीत जाऊ दे."

बयाबाईनं मला पोत्यात घातलं. कोपऱ्यावर भंगारवाल्याचा भोंगा वाजत होता. मित्रांनो, वितळणं काय असतं ते मला ठाऊक आहे. पण तव्याला ओरडता कुठं येतं?

अनुजा दारात आडवी उभी राहिली. "आत्ती, त्याच्यावर बाबांचा अंगठा हाय. त्यो बी वितळायचा व्हय?"

"अगं, गेलेलं माणूस जेवाय येतंय! भ्या वाटत न्हाय तुला?"

"वाटतंय की! पर म्हणून उपाशी धाडायचं?"

बयाबाईनं पोतं परत चुलीपाशी ठेवलं. भोंगा हळूहळू लांब गेला. मग तिनंच मला पोत्यातून काढलं आणि माझ्यावरून तेलाचा हात फिरवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हसलो. अनुजानं भाकरी झाकली आणि पहिल्यांदाच म्हणाली, "बाबा, जेवा."

दुपारी फडकं उचललं. अंगठा होताच. या वेळी भाकरी चतकोर कमी होती.

मित्रांनो, आम्हा बिडाच्या तव्यांना साबणानं खरवडू नका. तापलेले असताना गार पाणी ओतू नका, तडा जातो. आणि तुमच्या घरचा तवा हसला, तर एक भाकरी जादा टाका.

कोण येणार, ते विचारू नका.